सर, माईक कशाला दिलात?

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता शाळेत असलेल्या मुलींनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. तरी गेल्या आठवड्यापासून तुम्ही शाळेच्या फाटकावर आहात. दरवाजाएवढा फ्लेक्स लागला आहे. वर कोपऱ्यात हार घातलेले तुम्ही, खाली दहावीच्या मुलामुलींचे फोटो आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं: भावी डॉक्टर, भावी कलेक्टर, भावी फौजदार. तुमची प्रथा तुमच्यामागे बंद पडली नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की दहावीतल्या एकेकाने माईकसमोर यायचं आणि साऱ्या गावाला सांगायचं, मी अमुक होणार. फक्त आजवर हे बोलून हवेत जायचं, यंदा फोटोसकट छापलं आहे. मला फार राग आला आहे सर, आणि तो तुमच्यावर आहे.

मला काय व्हायचं आहे हे दहावीत मला ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारलंत, मी गप्प राहिले, तर म्हणालात, "कलेक्टर म्हन. मानसानं बोलावं तं मोठं बोलावं." मी म्हटलं. टाळ्या पडल्या. मागे लाऊडस्पीकरच्या खांबापाशी बाबा उभे होते, त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून गावात माझं नाव पुसलं गेलं. शेतात निंदायला निघाले की पारावरून आवाज यायचा, "काय कलेक्टरीणबाई, दौरा कुकडे?" हापशीवर बायका म्हणायच्या, "सरका वं, साहेबाले आधी भरू द्या." सुरुवातीला मीही हसायचे. पुढे बी.ए. झाले. आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईने गल्लीत पेढे वाटले. काकूने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड हाय. पन लाल दिवा कवा येते वं?" आई रिकामा डबा घेऊन घरात आली आणि तो घासायला बसली. आमच्या घराण्यात पहिल्यांदा घडलेली गोष्ट, सर, आणि तुमच्या एका वाक्यापुढे ती नापास ठरली.

तुम्हाला दुसरं काही येत नसतं, तर मी तुम्हाला माफही केलं असतं. पण तुम्हाला येत होतं. दुसरबीडहून सायकलवर तुम्ही शिपायाच्याही आधी शाळेत यायचात आणि कडुनिंबाच्या रोपांना बादलीने पाणी घालायचात. मी तुमच्या मागे मागे फिरत वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायचे. शब्द गिळला की तुम्ही मागे न बघता "पुन्हा" म्हणायचात. एक सकाळ मला अजून लख्ख दिसते. चाचणीत मी वर्गात पहिली आले आहे. धावतच येते, हातात वर्तमानपत्राचं पान नाही. "सर, पहिली आली मी!" तुम्ही बादली खालीसुद्धा ठेवत नाही. "ते झालं. आज काय वाचलं?" मी म्हणते, आज नाही वाचलं. "मंग पहिली आली ते कालची पोरगी. आजची तं अजून झोपूनच हाय." मी रडत रडत पान वाचते आणि तुम्ही नेहमीसारखेच "पुन्हा" म्हणता. त्या वाचनाला बक्षीस नव्हतं, त्याचा निकाल लागायचा नव्हता, गावाला ते माहीतही नव्हतं. माझ्याजवळ आज जे काही आहे ते सगळं त्या पानांतून आलं आहे. समाजमंदिरात रोज सकाळी मुली गोळा करून मी तेच करते. म्हणजे माणूस कशाने घडतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग वर्षभर सकाळी एक शिकवायचं आणि सव्वीस जानेवारीला त्याच्या उलट, हे कशासाठी? पाहुण्यांसाठी?

आमच्या शेजारी एक पोर आहे. तुमच्या हाताखाली ती शिकली नाही, तुमच्या प्रथेखाली शिकली. लहानपणापासून ती धावते. शेतात डबा द्यायला धावत जायची, धावत यायची, आणि डाळ सांडली म्हणून बोलणी खायची. दहावीत तिला माईकवर "मी फौजदार होईन" म्हणायला लावलं. मग ती पहाटे देऊळगाव राजाच्या रोडवर सराव करायला लागली. मागच्या पोलीस भरतीत थोडक्यात राहिली. गावात आली तेव्हा पारावर कोणीतरी विचारलं, "फौजदारीणबाई, चोर सापडला का?" त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. तिचे वडील आता स्थळं बघत आहेत.

फ्लेक्स पाहून मी तडक हेडमास्तरांकडे गेले. माणूस वाईट नाही. चहा मागवला त्यांनी. "मॅडम, ध्येय नको तं मंग काय ठेवावं पोराईनं डोळ्यासमोर?"

"माईकवर बोलवायचंच असेल तर रोज काय करता ते विचारा ना, सर."

ते मोठ्याने हसले. "'मी रोज एक पान वाचतो', याले टाळ्या कोन वाजवीन? पाहुने येऊन राह्यले मुंबईहून. आन तुमच्याच सरांची प्रथा हाय हे. पत्रिकेत तुमचं नाव टाकलं, सरांवर पाच मिनिटं बोलाचं हाय तुम्हाले."

चहा तसाच ठेवून मी निघाले आणि त्या पोरीच्या घरी गेले. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी म्हटलं, उद्या पहाटे रोडवर जा, मी सोबत येते.

"काऊन ताई? भरती तं होऊन गेली."

"भरतीसाठी नाही म्हणत मी."

तिची आई लसूण सोलत बसली होती. "मंग कायच्यासाठी वं? मानूस धावते कवा, तं मांगं कुत्रं लागते तवा."

तिघीही हसलो. मग पोर खाली बघत म्हणाली, "मले धावाले आवडे, ताई. फौजदार तं मास्तरनं कागदावर लिहून देल्लं होतं. आता रोडवर दिसली तं लोक म्हनतीन, हिची हौस फिटली नाही का अजून. पडल्यावर धावता येत नाही." तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

हे तुम्ही ऐकायला हवं होतं, सर. पोलिसातली नोकरी तिला मिळाली नाही, ती पुढेमागे मिळेल किंवा नाही मिळणार. पण धावणं तिचं होतं. ते तिला कोणी दिलेलं नव्हतं, आणि तुमच्या प्रथेने तेच तिच्याकडून काढून घेतलं. आधी तिच्या पायांना कारण दिलं, मग कारण गेलं तेव्हा पायही गेले. फाटकावर आता अशी कितीतरी पोरं हसत उभी आहेत.

त्यानंतर मी रोज समाजमंदिरात जाताना तिच्या दारातून हाक मारत होते. उत्तर यायचं नाही. मी म्हटलं, न येवो, हाक मारणं माझ्या हातात आहे.

काल इथवर लिहून झालं तेव्हा ठरवलं होतं की सव्वीस जानेवारीला माझ्या पाच मिनिटांत हेच वाचायचं, तुमच्या फोटोखाली उभं राहून. आज सकाळपासून तशी हिंमत होत नाही. आज मी हाक मारली तेव्हा तिची आई म्हणाली, ते तं गेली कवाचीच. मुली वाचत होत्या आणि ती समाजमंदिराच्या दारात येऊन उभी राहिली. बूट धुळीने भरलेले, चेहरा लाल, श्वास पुरत नव्हता. मला इतका आनंद झाला सर, की मी उठून उभी राहिले, आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो हा: "किती मिनिटं लागली?"

ती दारात वाकून बूट काढायला लागली. "घड्याळ नाही नेलं, ताई," म्हणाली, आणि पाणी प्यायला माठाकडे गेली.