पुस्तके त्याची, जो तिला वाचून दाखवील

प्रारंभी एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण मेल्यावर ती नोंदवता येत नाही. माझ्या संग्रहातल्या एका प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात पान एकशे बाराचा वरचा कोपरा कोणीतरी दुमडला आहे. चुकून नव्हे, नखाने नीट घडी घालून. ही बाब क्षुल्लक आहे असे ज्याला वाटते त्याने स्वतःच्या कानाची तशी घडी घालून पाहावी. घरी येणाऱ्या सात माणसांवर माझा संशय होता. त्यांतल्या पाचांना मी निर्दोष सोडले, कारण ते पान एकशे बारापर्यंत पोहोचणे संभवत नाही. उरलेल्या दोघांविषयीचे मत राखून ठेवतो.

आता मुद्द्याचे.

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठावन्न, पेशाने वृत्तपत्राचा वार्ताहर, शिक्षणाने संस्कृत पाठशाळेतला, हा कागद माझ्या हाताने, माझ्या शाईने आणि कोणी मानेवर बसलेले नसताना लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. हेच डॉक्टर एक जाडजूड चरित्र 'जवळजवळ संपवत आणलंय' असे गेली चार वर्षे सांगत आहेत, तेव्हा त्यांच्या शब्दावर कितपत विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या छातीत दोनदा कळ येऊन गेली. दुसऱ्या खेपेस डॉक्टर हसले नाहीत, म्हणून हा खटाटोप.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते सर्व पत्नीचे. त्यावर वाद नाही. वाद घालण्याइतके ते नाहीही.

खरा प्रश्न पुढे आहे. माझ्या पत्नीला आता वाचता येत नाही. माझ्यामागे तिला रोज तासभर कोण वाचून दाखवील, एवढेच ह्या कागदाने ठरवायचे आहे, आणि माझ्या दोन हजार पुस्तकांचे काय करायचे तेही त्यावरच अवलंबून आहे. मात्र तिला वाचता येत नाही हे मला कसे कळले ते सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला समजायची नाहीत.

अठरा वर्षे मी दर रविवारी 'सध्या काय वाचता?' हे सदर चालवले. पाच माणसांना फोन करायचा आणि उत्तरे छापायची. लोक काय वाचतात हे त्यातून कधीच कळले नाही. आपण काय वाचताना दिसावे असे लोकांना वाटते, ते कळले. 'शेवट कसा वाटला?' असे विचारले की सगळे म्हणत, 'चटका लावून गेला.' एका गृहस्थांना शब्दकोशाच्या शेवटानेही चटका लावला होता.

तेव्हा मी एक कसोटी काढली. बोलता बोलता मध्येच विचारायचे, 'पुस्तक आत्ता कुठे आहे हो?' खरा वाचक न थांबता सांगतो: 'फ्रिजवर.' 'बाथरूममध्ये, कोणाला सांगू नका.' 'पोटावर पालथं पडलंय.' खोटा म्हणतो, 'कपाटात', आणि क्षणभराने, 'बहुतेक.' ह्या एका प्रश्नावर मी एक प्राध्यापक, दोन नट आणि आमचे संपादक असे चौघे गारद केले आहेत.

कसोटीला अठरा वर्षे अखंड उतरलेली एकच व्यक्ती म्हणजे माझी पत्नी. 'पुस्तक कुठे?' 'खिडकीच्या कट्ट्यावर, डाव्या हाताला, चष्म्याच्या घराखाली.' पुस्तक तिथेच असे. बोटभरही इकडे-तिकडे नाही. मी सदरात अधूनमधून तिचा निर्देश करी: 'एक गृहिणी मात्र दिवसाला चाळीस पाने वाचतात.' सगळे जग खोटे बोलते आणि एवढी एक बाई खरी, असा त्याचा सूर.

चार महिन्यांपूर्वी आमच्या बाइंडरने एक जुनी कादंबरी नव्याने शिवून पाठवली. हा बाइंडर दोन गल्ल्या पलीकडे राहतो. शिवताना त्याच्या हातून मधला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, उलटा बसला: डोके खाली, पाय वर. दुपारी पत्नी ती कादंबरी टेबलावर ठेवून वाचत होती. मी समोरच्या खुर्चीत चहा पीत होतो. तिने पान उलटले आणि मी माझ्या जागेवरून सहज एक परिच्छेद वाचला. मग दुसरा. दुसरा संपल्यावर लक्षात आले की मला इथून हे वाचता यायला नको.

"कुठवर आलीस?" मी विचारले.

"मधे. रंगत चाललंय."

आणि पान उलटले. तेही मला सुलट. नेहमीच्या संथ गतीने ती उलटी सोळाही पाने उलटत गेली. मी तोवर कप खाली ठेवला नाही.

"फर्मा उलटा शिवलाय," मी म्हणालो.

तिने पानावर तळहात ठेवला. "अगं बाई." मग, "किती पानं?"

"सोळा."

"मेला तो बाइंडर."

"कधीपासून?"

"तिसरा चष्मा केला तेव्हापासून. झालं असेल दीड वर्ष. कडेकडेचं दिसतं हो. दार दिसतं, गॅस दिसतो. तुम्ही दिसता, तोंडाच्या जागी तेवढं काही नाही."

"मग ही पानं कशाला उलटत बसायचीस?"

"तुमचा कोणावर म्हणून विश्वास आहे? एका त्या चाळीस पानांवर. म्हटलं, तेवढी तरी राहू देत."

आता कसोटीबद्दल. जो वाचतो त्याला पुस्तक कुठे आहे ते ठाऊक असते, हे खरे. म्हणून ज्याला ठाऊक असते तो वाचतोच, असे मी धरून चाललो. ह्याला पाठशाळेत हेत्वाभास म्हणत आणि त्याबद्दल उभे करीत. ज्याला दिसत नाही त्यालाही प्रत्येक वस्तू कुठे आहे हे बोटभर अंतरापर्यंत ठाऊक ठेवावे लागते, हे मला सुचले नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे, नजरेचा मधला भाग गेला तो परत यायचा नाही. आणखी आधी आला असतात तर बरे झाले असते, असेही ते म्हणाले. ते मला उद्देशून होते, असा माझा समज आहे.

कलम दुसरे. माझे सर्व संस्कृत कोश आणि टीकाग्रंथ मुलीस. मुलगी तीन तासांच्या अंतरावर राहते, नोकरी करते आणि वर्षाला साठ पुस्तके वाचते असे सांगते. वाचते म्हणजे कानात घालून ऐकते, कपड्यांच्या घड्या घालता घालता, दीडपट वेगाने. "बाबा, ऐकलं म्हणजे वाचलंच की!" ह्यावरून मी तिच्याशी दोन वर्षे घातलेला वाद ह्या कलमान्वये मागे घेत आहे. टीकाग्रंथ तिला अशासाठी की ते कोणी ध्वनिमुद्रित करील असे वाटत नाही. आईच्या फोनमध्ये तिने चाळीस पुस्तके घालून दिली. पत्नीने तीन ऐकली आणि मुलीला म्हणाली, "वाचतात गं छान, पण थांबत नाहीत. मला मधेच म्हणायचं असतं, काय मूर्ख बाई आहे ही! ते मी कोणाला म्हणू?"

कलम तिसरे. भिंतीवरचे घड्याळ माझ्या मेहुण्यास, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावास. "भावोजी, वाचायला वेळच मिळत नाही हो," हे वाक्य तो आमच्या सोफ्यावर आडवा होऊन, अख्खा सामना पाहता पाहता बोलतो. कोणत्याही पुस्तकाचे सार दहा मिनिटांत सांगणारे व्हिडिओ त्याला सापडले आहेत, आणि पाहणाऱ्याने वाचणाऱ्याला चर्चेत हरवल्याचे मी दोनदा अनुभवले आहे. दोन्ही वेळा हरणारा मीच होतो. बहिणीला वाचून दाखवायला तो मोठ्या उमाळ्याने आला. दुसऱ्याच दिवशी पुस्तक मिटून म्हणाला, "ताई, शेवटी ती मरते. आता उरलेलं काय वाचायचं?" घड्याळ दिवसाला चार मिनिटे पुढे जाते. त्याने ती चार मिनिटे वापरावीत.

कलम चौथे. राहिला बाइंडर. फर्म्याबद्दल जाब विचारायला मी त्याला बोलावले होते.

"वहिनी, चुकलं. उसवून देतो," तो म्हणाला.

"ते नंतर. आधी ती सोळा पानं वाचून दाखवा."

त्याने पुस्तक उलटे धरून वाचली. दुसऱ्या दिवशी पुढचे ऐकवायला आपणहून आला. हा मनुष्य शिवता शिवता जे पान समोर येईल ते वाचतो. त्यामुळे त्याला शेकडो पुस्तकांचे मध्य पाठ आहेत आणि आरंभ एकाचाही नाही. वेळ कसा मिळतो विचारले तर म्हणाला, "चार वाजता खळ लावतो. ती वाळेस्तोवर तास जातो. तेवढा वेळ हात लावायचा नसतोच." वाचनाला वेळ कसा काढावा ह्यावर मी सदरात किमान तीसदा लिहिले असेल, ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती.

तरीही माझा विश्वास बसेना. हा गृहस्थ वर्णने गाळतो, असा मला दाट संशय आला. चपला हातात घेऊन मी दाराआड उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

"...आणि ते गावात पोचले," बाइंडर वाचत होता.

"मागे जा," पत्नी म्हणाली. "डोंगर राहिला."

"वहिनी, दीड पान नुसता डोंगर आहे."

"असू दे. चढा."

तो मुकाट्याने चढला. ती कादंबरी तिने पूर्वी, डोळे असताना, वाचली होती.

तस्मात् असे ठरवतो. कोश व टीकाग्रंथ वगळता सर्व पुस्तके बाइंडरची, पण एकदम नव्हे. तो रोज चार ते पाच वाचील. पुस्तक निवडणार पत्नी, मग ते मला कितीही नावडते असो. ती "संपलं" म्हणेल त्या घटकेला ते पुस्तक त्याचे. तो येऊ शकला नाही, तर जो कोणी येईल त्याला हीच अट आणि हाच हक्क. सार सांगणाऱ्यास हक्क नाही.

ह्या कलमाखाली मी देखरेखीची चार पोटकलमे लिहिली होती. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी महिन्यातून एकदा न कळवता यावे, वगैरे. मसुदा पत्नीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमचे पहारेकरी काढा आधी त्यातून. माणूस यायचा बंद होईल." चारही खोडली आहेत. खाडाखोडीवर माझी सही आहे.

वरील सर्व मला मान्य असून, ह्यापूर्वी लिहिलेला असा दुसरा कागद नाही.

ठिकाण: राहत्या घरी, पुढची खोली.
दिनांक: चालू महिन्याची सतरा, गुरुवार, सायंकाळी साडेपाच.

सही: (वार्ताहर)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (सही करण्यापूर्वी कागद संपूर्ण वाचल्याचे म्हणतात.)
साक्षीदार दुसरे: ग्रंथपाल, वाचनालय. (ह्यांनी खरोखरच वाचला, चरित्राच्या वाक्यावर डॉक्टरांकडे पाहून हसल्या.)

सहीखाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून हे इथे लिहितो.

बाइंडरबद्दल आता माझी तक्रार नाही. पण तोही माणूस आहे. एखाद्या दिवशी यायचा नाही, मग आठवडाभर यायचा नाही. मुलगी फोनवर विचारील, "आई, येतात ना गं वाचायला?" आणि ही म्हणेल, "हो, रोज." मी समोर बसून दीड वर्ष फसलो, फोनवर कोण ओळखणार? ती कोणाला सांगणार नाही, मला एवढीच भीती आहे. तिने मलासुद्धा सांगितले नाही. माझ्यापाशी तिला ते सांगता आले नाही.