कोमट पाण्याचा तह

आई, माझी एक गंभीर तक्रार आहे. मी रविवारी न्हाते हे अख्ख्या जयनगरला कळतं. तिळाच्या तेलाचा वास लिफ्टमधून माझ्याआधी खाली पोचतो, आणि ऐन पन्नाशीत मला देवळातल्या समईसारखं वाटतं.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मला मल्टिपल स्क्लेरोसिस झालं. उंदरानं वायर कुरतडावी तसं माझंच शरीर माझ्या नसांवरचं आवरण कुरतडतं. पाय अडखळतात, बोटं बधिर होतात. डॉक्टरीणबाईंचं इंजेक्शन चालू आहे. शिवाय खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्का आहेत. अगदी तुझ्या जातकुळीतल्या. दर रविवारी येऊन तेल चोळतात आणि वर तुझ्यासारखंच कढत पाणी ओतायच्या. तेलानं आखडलेल्या पोटऱ्या सैल पडतात, खोटं कशाला बोलू. पण पाणी अंगावर पडलं की डोळ्यांपुढे धुकं आणि पायांचं लोणी. "वात बाहेर पडतोय गं," अक्का म्हणायच्या, "आता ती सुई बंद कर. स्वल्प धीर धर." मी बंद करायच्या बेतात होते. डॉक्टरीणबाईंना यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तूही घरचा काढा डॉक्टरांपासून लपवायचीस; तुझी तेवढी एक विद्या मी चोख उचलली.

मागच्या महिन्यात न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठताच येईना, तेव्हा जाऊन सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "तेल खुशाल लावा. तुमचे पाय गरम पाण्यानं जातात, या आजारात उष्णता सोसत नाही. इंजेक्शन सोडलंत तर मात्र भांडायला घरी येईन." अक्कांनी हा निकाल ऐकून घेतला. "सरी, चालेल. पाणी कोमट. पण तेल माझंच."

आठवतं का, सगळ्यांची डोकी चोळून झाली की तू पाय पसरायचीस, "आता माझे तळपाय चोळ गं," आणि मी पसार व्हायचे? आज न्हाणं उरकून अक्का गुडघे धरत उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं आणि त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला.

"अय्यो, बेडा, नको! आजारी कोण, तू का मी?"

"गप बसा, अक्का. जुनं देणं आहे."

हा कागद आता तेलाच्या बाटलीखाली जाईल, टेबलावर डाग पडतो म्हणून. तुला एवढंच सांगायचं होतं, की वाटीतलं तेल किती गरम आहे ते माझ्या बोटांना कळत नव्हतं. थेंबभर लावून थांबले, अक्कांच्या तोंडाकडे बघत. त्यांनी डोळे मिटले, तेव्हा पुढे चोळलं.