माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च
आज पुन्हा ब्रेक मारला! रस्ता रिकामा, शिकणाऱ्या काकू अगदी नीट चालवत होत्या. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि माझा पाय आपोआप झटकला गेला. गाडी गचकन थांबली. काकू रडवेल्या — “मॅडम, माझं काय चुकलं?” काय सांगणार! म्हटलं, मांजर होतं.
पायांची ही तगमग पूर्वी फक्त अंथरुणावर पडल्यावर व्हायची. आता भरदुपारी! त्यावरची गोळी वाढवली तरी. की वाढवली म्हणूनच?

७ मार्च
हेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. हसतील वाटलं, हसल्या नाहीत. “हातातही होतं का?” — हो, हल्ली होतं. “मग गोळीच उलटलीय. आधी गुण देते, पुढे तीच त्रास वाढवते. एकदम बंद नाही करायची हं! हळूहळू कमी, सोबत दुसरी सुरू.” रक्तातलं लोहही तपासायचंय.
म्हणजे मी आगीत तेल ओतत होते! राग यायला हवा, पण मला भारीच नवल वाटतंय.
नवी गोळी अंगवळणी पडेपर्यंत गाडीत बसायचं नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणाले, “महिनाभर थांबतो. मग दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

१२ मार्च
भयंकर. जुनी कमी केली नि पाय पिसाळले. नवरा कधीचाच उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेलाय. लाथा खाऊन कोण झोपेल? विचारलं, बरी झाले की येशील ना परत? म्हणाला, “बघू.” ते ‘बघू’ फार लागलं.

१८ मार्च
शोध! शब्दकोडं सोडवताना पाय गप्प. बातम्या ऐकताना वळवळ. डोकं गुंतलं की पाय विसरतात? तरीच — गाडी मागे घेऊन लावायला शिकवताना माझा पाय कधीच झटकला नाही. तेव्हा जीव मुठीत असतो ना!

२९ मार्च
जुनी गोळी बंद. दिवसा पाय माझं ऐकतात. नव्या गोळीने जरा तोल जातो. नवरा म्हणतो, “न पिताच!”

६ एप्रिल
डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळाली. काकूंसोबत बाजारातून फेरी. माझा पाय ब्रेकशेजारी, पण जागच्या जागी! नोकरी वाचली.

७ एप्रिल
जाग आली तर खोलीत ऊन. पलंगाच्या कडेला नवरा, हात माझ्या पोटरीवर, चेहरा पांढराफटक. “रोज भिंतीपलीकडून तुझ्या लाथा ऐकत झोपतो गं. काल आवाजच नाही...” रात्रभर तिथेच बसला होता.