कोयनेलच्या पुड्या

अप्पा, मी आता तुमच्या रानात आलेय. हुणसूरच्या पुढं, तुम्ही दर थंडीला तंबू ठोकायला यायचात ना, तिथंच. तुमचे जावई पण तंबूवालेच, तुम्ही त्यांना बघितलं नाही. महाराजांचे पाहुणे शिकारीला येणार म्हणून महिनाभर आधीच सगळ्या माणसांना इथं आणून सोडलंय. घरी, लष्कर मोहल्ल्यात, मला आणि पोरीला सोबत कुणी नाही. आई गेली, मागच्या साली सासू पण गेली. म्हणून ह्यांनी आम्हाला भांड्याकुंड्यांच्या मधे बैलगाडीत बसवलं. येलवालला बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली, तेव्हा मी म्हटलं, "मी इथूनच परत जाते." हे म्हणाले, "जा की. आठ महिन्यांची पोर काखेत घे आणि चालायला लाग." मग मी पोरीला घेऊन परत गाडीत बसले.

पाहुण्यांच्या तंबूत सतरंज्या आहेत, आरसे आहेत, आंघोळीला वेगळा तंबू. आम्हाला बांबूच्या तट्ट्यांची झोपडी. तट्ट्यांना माती लिंपलीय, वर गवत, खाली ठोकलेली जमीन. सकाळी फटींतून धुकं आत येतं आणि चुलीचा धूर बाहेर जायचं नाव घेत नाही. आजूबाजूच्या झोपड्यांतल्या बायका पहिल्या दिवशी मला बघायला आल्या. एक म्हणाली, "ही तर पान पडलं तरी दचकते." दुसरी म्हणाली, "हत्ती आला तर काय करशील गं?" सगळ्या हसल्या. मी पण हसले. हत्तीची मला भीती नव्हती अप्पा. मला भीती तापाची. ह्याच रानातला ताप घेऊन तुम्ही घरी आलात. आणि तो कुणामुळं आला, ते मला एकटीला ठाऊक होतं.

मी आठ वर्षांची आहे. आई भाकरी थापतेय. तुम्ही चुलीजवळ बसलाय, कोनाड्यातली कागदाची पुडी उघडता, पांढरी भुकटी जिभेवर टाकता आणि तोंड असं वाकडं करता की मला बघवत नाही. आई म्हणते, "लहान पोरासारखं तोंड काय करताय? गिळा." तुम्ही म्हणता, "तू गिळून दाखव." मग गुळाचा खडा मागता, आणि आई मुद्दाम छोटा देते. मला वाटायचं, सरकारनं तुम्हाला कसली तरी शिक्षा दिलीय. त्या साली तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी पुड्या गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या. आई नळावर गेली. मी एकेक पुडी उघडली, भुकटी मोरीत ओतली, पाणी टाकलं, आणि तांदळाचं पीठ भरून तशाच घड्या घातल्या. घड्या नीट आल्या म्हणून मला केवढा आनंद! सकाळी जाताना तुम्ही माझ्या पाटीकडं बघून रागावलात, "अक्षरं अशी लोळतात काय? उभी काढ." मी मनात म्हटलं, रागवा, रागवा, तिथं गेल्यावर पुडी गोड लागेल तेव्हा कळेल.

वीस दिवसांनी तुम्हाला गाडीतून आणलं. तीन घोंगड्यांखाली तुम्ही थडथड उडत होता. चौथ्या दिवशी गेलात. बायका आईजवळ बसल्या होत्या आणि आई सारखं एकच म्हणत होती, "कोयनेल बरोबर दिलं होतं की हो, तापाचंच औषध ते, मोजून दिलं होतं." तेव्हा मला कळलं ती भुकटी कशाची. मी उठून परसात गेले. कुणाला बोलले नाही. आईला पण नाही, ती जाईपर्यंत नाही. ह्यांना नाही. लग्न झालं, पोर झाली, तिला पहिल्यांदा पोटाशी घेतलं तेव्हा पण मी देवाला हेच म्हटलं, माझी शिक्षा मला दे, हिच्याकडून वसूल करू नको.

आणि इथं येऊन सातव्या दिवशी पोर तापली. दूध घेईना, मान टाकून पडली. हे पलीकडच्या टेकडीवर तंबू उभारायला गेले होते. छावणीचा कंपौंडर आला, तिचे डोळे बघितले, पोट दाबलं, आणि माझ्या हातावर पुडी ठेवली. "चिमूटभर मधात कालवून दे. दुपारी परत येतो." तोच कागद, तीच घडी अप्पा. मी झोपडीच्या दारात बसले आणि मला ती पुडी उघडता येईना. मध तेवढा वाटीत घेतला, तो पण सांडला.

समोर दफेदारमामा बसले होते, दोराला गाठी मारत. तुमच्याबरोबर तंबू ओढणारे तेच, आता दात नाहीत, काम पण बसूनच करतात. ते ओरडले, "काय गं, औषध द्यायचंय का पुडीची पूजा करायचीय?" मी रडायलाच लागले. आणि बारा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते सगळं त्या म्हाताऱ्यापुढं निघालं. मोरी, पीठ, घड्या, सगळं. "मी मारलं अप्पांना," म्हटलं.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, दोर बाजूला पडला. मला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं.

"अय्यो मगा, अगं पोरी," ते म्हणाले, "ते पीठ मनात धरून बसलीस होय! आम्ही सगळ्यांनी चाटलंय ते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? इथं घरची पुडी कोण खातो? कंपौंडर रोज सकाळी रांगेत उभं करायचा, आपल्या डब्यातलं कोयनेल तोंडात टाकायचा, वर जीभ बाहेर काढायला लावायचा. कुणी थुंकू नये म्हणून. तुझा बाप माझ्यापुढं उभा राहायचा. रोज घ्यायचा, रोज शिव्या द्यायचा. घरची पुडी त्यानं एकदाच उघडली, डबा यायला उशीर झाला त्या दिवशी. चाखली आणि ओरडला, लेकीनं माझ्या भाकरीची सोय केलीय रे! सगळ्यांना दाखवत फिरला. मग म्हणाला, माझ्या घरी बोलू नका कुणी, तिची आई तिला बडवेल."

मी म्हटलं, "मग ताप कसा आला?"

"कसा म्हणजे? त्या साली नऊ जणांना आला. नऊही जणांनी जीभ दाखवली होती. चार गेले, पाच उठले. मला आला होता, मी उठलो. का ते कुणी सांगावं?" त्यांनी डोळे पुसले, हसून आलेलं पाणी की कसलं, मला कळलं नाही. "सुम्मनिरु आता, गप्प बस. पोरीला औषध दे. ती तुझ्यापेक्षा शहाणी असेल तर थुंकेल."

थुंकली अप्पा. निम्मं माझ्या तोंडावर, आणि असली किंचाळली की आजूबाजूच्या झोपड्यांतल्या बायका धावत आल्या. निम्मं पोटात गेलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कंपौंडर म्हणतो त्याच्या औषधानं. बायका म्हणतात दात येत होते, आणि खरंच खाली दोन पांढरे दाणे दिसतायत. मी दोघांनाही हो म्हणते. पोर आता चुलीजवळ बसून गवताच्या काड्या खाते.

हे तंबूच्या जुन्या यादीच्या पाठीमागं लिहितेय. ह्यांनी विचारलं, कुणाला? मी म्हटलं, कुणाला नाही, अक्षरं काढून बघतेय. हा कागद कुठं पाठवायचा नाही मला, पेटीच्या तळाशी ठेवीन. एक तेवढं सांगते. पूर्वी एक दिवस असा जायचा नाही की तुम्ही डोळ्यापुढं आला नाहीत, आणि आलात की माझं जेवण अडायचं. आज सकाळी भांडी घासताना ध्यानात आलं, चार दिवस झाले, मला तुमची आठवणच झाली नाही. लाज वाटायला पाहिजे होती. मी बसल्या जागी सगळी भांडी घासून काढली, आणि मला भूक लागली होती.