कुंकू लागलेलं पुस्तक

दसरा, संध्याकाळ. हसनाबाद.

कॉम्प्युटरवरचं लिनक्स शिकायला दादानं दोन पुस्तकं आणली. एक ठेव, दुसरं उद्या दुकानात परत करतो म्हणाला. माझं काही ठरेना. सकाळी आईनं पूजेला पुस्तक मागितलं, तर मी जाडं दिलं. आता त्याच्यावर कुंकू. कुंकू लागलेलं दुकानदार परत घेईल का? न्हाई घेणार. मंग बारकंच परत जाईल. पुसून पाहू का? आई म्हणती, "पूजेतलं पुस्तक आज हलवायचं न्हाई." जाडंच का दिलं मी? बारकं दिलं असतं, तर दिवसभर उघडता आलं नसतं. दुपारपासून बारकंच तर वाचून राह्यले. म्हणजे माझं ठरलेलंच होतं. आणि दादा उद्या सकाळीच निघणार.