खारूच्या दाढेवरची पांढरी कॅप

४ मार्च
बसली. खारूच्या खालच्या डाव्या दुधाच्या दाढेवर माझ्या हातची, माझ्या दातांच्या लॅबमध्ये घडवलेली पांढऱ्या झिर्कोनियाची कॅप. डॉक्टरीणबाई स्टीलचीच म्हणत होत्या — "सात वर्षांची पोर, दाढ आज ना उद्या पडणार. स्टील समोरच्या दाताला घासत नाही." मी म्हटलं, माझ्या मुलीच्या तोंडात पत्रा नको. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण माझी कॅप कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो, ते शोधायला भिंग लागतं.

खारूनं आरशात पाहिलं. "बाबा, ही खोटी दाढ खऱ्यांपेक्षा छान आहे."

तिची आई दाराशी. "झालं समाधान?" मग दोघी घरी गेल्या. त्यांच्या घरी.

९ सप्टेंबर
खारूच्या तपासणीत घेतलेलं दातांचं माप लॅबमध्ये आलं. प्लास्टरचं मॉडेल ओतलं. कॅपच्या समोरची वरची दाढ झिजलीय. मार्चचं मॉडेल शेजारी ठेवून पाहिलं — तेव्हा टोकं होती, आता सपाट.

ग्लेझ! चमक यावी म्हणून वरून ग्लेझ, काचेसारखा पातळ थर, दिलं होतं. ते घासून गेलं की खालचा खरखरीत भाग कानशीसारखा चालतो. नुसतं पॉलिश करून सोडायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण.

१० सप्टेंबर
तिच्या आईला फोन केला. दोन वाक्यं दाताची, बाकी तिच्या बदलीची. तिला नव्या गावी खारूला न्यायचंय, माझी सही हवी. मी देत नाही, आणि रोज तेच. "तुझी कॅप पोरीचा दात खातेय, आणि पोर तुलाच जवळ हवी!" फोन आपटला. मी की तिनं, आठवत नाही.

१२ सप्टेंबर
नवी कॅप केली. ग्लेझ नाही, नुसतं पॉलिश. रबरचाक, मग ब्रश, मग पेस्ट. नख फिरवलं तर घसरतं. जेवायचं राहिलं.

मग चाव बघायला वरचं-खालचं मॉडेल जुळवलं. उजवी बाजू समोर आली. तिथे कॅप नाही. तिथल्या दाढाही सपाट, वरची आणि खालची.

मी डावीकडेच बघत होतो. जिथे माझा हात लागला, तिथेच.

डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "झोपेत दात खाते का? आईला विचारा." परवाच्या भांडणानंतर आपण होऊन पुन्हा फोन करण्याइतका कमीपणा घेववेना.

१५ सप्टेंबर, रविवार
आज खारू माझ्याकडे. जेवून कोचावर झोपली, तोंड किंचित उघडं. खुर्ची ओढून शेजारी कान लावून बसलो. काही नाही. जिवात जीव आला.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन. पुन्हा सही. आवाज चढले — माझा आधी. आणि पाठीमागे कर्र... कर्र. डोळे मिटलेले, जबडा आवळलेला.

बोलणं अर्धवट सोडून फोन खारूच्या गालाजवळ धरला. बराच वेळ. मग कानाला लावला.

"रोज," ती हळूच म्हणाली. "आपला फोन झाला की जास्तच. मला वाटायचं, कॅपमुळे."

"मलाही," मी म्हटलं. या वर्षात आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

१६ सप्टेंबर
पॉलिशची कॅप डबीत ठेवून दिली. चांगली झालीय.

१७ सप्टेंबर
सही केली. तिच्या आईला म्हटलं, घेऊन जा.

खारू गळ्यात पडली. "बाबा, दाढ पडली की कॅप तुला आणून देईन."

दाढ पडायला अजून तीनेक वर्षं. आणि कॅप त्याआधी निघायची नाही — माझ्या हातची आहे.