वळणावरची लाल झेंडी

मंगळवार, ३ ऑक्टोबर

पोचले! दोन डब्यांच्या गाडीनं मला, माझ्या कॅमेऱ्यांच्या पेट्यांना आणि बटाट्याच्या एका पोत्याला खडीवर उतरवलं आणि ती जंगलात नाहीशी झाली. इथं फलाट नाही, स्टेशन नाही. रुळांशेजारी उभं राहून हात केला की गाडी थांबते, एवढंच. ती गेल्यावर इतकं शांत झालं की मला एकटीलाच हसू फुटलं.

मादाम ओझेली थिबोचं घर रुळांपासून शंभर पावलांवर आहे. बाई ऐंशीच्या पुढची, पण पाठ ताठ. माझ्यासारख्या फोटोवाल्यांना खोली देते. दारातच तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, किती गं हडकुळी तू पोरी, नोव्हेंबरात आली असतीस तर वाऱ्यानं सडबरीला तुझ्या घरी परत नेऊन टाकली असती. मग वाटाण्याचं घट्ट सूप दोनदा वाढलं. टेबलावर तिसरी एक बशी पालथी ठेवलेली होती. ती रेजाँची, माझ्या मुलाची, म्हणाली. मी पुढं विचारलं नाही.

पुस्तक तयार आहे. अकरा वर्षांत काढलेले उत्तरेकडच्या मालगाड्यांचे फोटो. फक्त मुखपृष्ठ राहिलंय आणि त्यासाठी इथलंच वळण हवंय. हातात पाच दिवस. रविवारी परतीची गाडी. माझ्या लेकीचे, विर्पीचे दिवस भरत आलेत, चौदा तारीख दिलीय. निघताना तिनं माझी बाही धरून ठेवली होती, लहानपणी धरायची तशी. आई, तू नसलीस तर मी बाळंत होणारच नाही, म्हणाली. रविवारी निघते गं राणी. शब्द दिलाय.

बुधवार, ४ ऑक्टोबर

वळण मनात होतं त्याहून देखणं आहे. एका बाजूला तळं, दुसरीकडं पिवळीधमक झालेली तामराकची झाडं, आणि मधून रूळ असे वळतात की तीन किलोमीटरची गाडी अख्खी एका चौकटीत बसावी.

दुपारी विल्फ साराझिन चहाला आला. तीस वर्षं याच रुळांवर इंजिन हाकलेला माणूस, आता तळ्यापलीकडं सापळे लावतो. आल्या आल्या माझी फिरकी. फोटोवाल्या बाई, तुम्ही मंडळी इंजिनाच्या नाकाचे फोटो काढता, आत बसलेल्याच्या नाकाचा कधी काढणार? माझं नाक तर इंजिनाहून मोठं! मादाम म्हणाली, मोठं आहेच, जिथंतिथं खुपसून झालंय मोठं.

मग तो कामातल्या गोष्टी सांगत बसला. रूळ उकलून काम चालू असलं की गँगमन लाल झेंडी रोवतो. ज्यानं रोवली त्यानंच ती काढायची. साहेब येवो, साहेबाचा बाप येवो, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण त्या झेंडीच्या भरवशावर कुणीतरी रुळांत वाकलेला असतो. हे सांगताना त्याचा आवाज उतरला. मादाम उठून भांडी विसळायला गेली.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर ढग. सात गाड्या गेल्या. लाकूड, धान्य, गंधकाच्या आम्लाच्या टाक्या. एकही फोटो कामाचा नाही. ड्रायव्हर मात्र मला बघून भोंगा वाजवतात, हात करतात. या लोकांचं हे प्रेम मला कायम हळवं करतं. कॅमेरा घेऊन कुणी तासन् तास थंडीत उभं आहे, तेही आपल्यासाठी, म्हणून असेल.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

मिळाला!

तीन वाजता ऊन आलं. रेल्वेचं बोलणं ऐकवणाऱ्या माझ्या रेडिओवर अलीकडच्या चौकीचा आवाज आला, एकशे चाळीस डब्यांची गाडी निघालीय. म्हणजे वीस मिनिटं. ट्रायपॉड लावला, चौकट बघितली, आणि नेमक्या मध्यावर एक लाल झेंडी! लोखंडी सळईवरचा चौकोनी तुकडा, खडीत रोवलेला. सकाळी नव्हता, शपथेवर सांगते. त्या पिवळ्याजर्द रंगात तो असा दिसत होता जसा गोऱ्या गालावर फोड.

मी दोन्ही बाजूंनी बघितलं. रूळ शाबूत. माणूस नाही, हत्यार नाही, हाका मारल्या तर उत्तर नाही. कुणी काम संपवून विसरून गेला असणार. आडवी फांदी वाकवणं, पडलेली बाटली उचलणं हे आम्ही सगळेच करतो, आणि त्याला बागकाम म्हणतो. विल्फचं बोलणं आठवलं. आठवलं, आणि तरी मी झेंडी उपटली. दोनच मिनिटं. गाडी आली, उन्हात न्हालेली, अख्खी. शेवटचा डबा गेल्याबरोबर झेंडी होती त्याच भोकात परत रोवली.

एक गोष्ट खटकली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

संध्याकाळी मादामला कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. तिनं बोट बरोबर तिथं ठेवलं, जिथं झेंडी होती. इथं काय होतं, तिनं विचारलं. मी हसत सांगितलं. तिनं पालथी बशी उचलली, धुतली, पुसली आणि सुलटी मांडली. चेहरा असा उजळला होता की मला तिचं कौतुक वाटलं.

शनिवार, ७ ऑक्टोबर

नीट क्रमानं लिहिते.

सकाळी मादामनं मला जुनं कॅलेंडर दाखवलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. ऑक्टोबरच्या पानावर हेच वळण, हेच तामराक, गाडी. फोटो त्याच्या आदल्या वर्षीचा. तारीख, वेळ खाली छापलेली. तिनं सांगितलं, त्याच वेळी, त्याच गाडीखाली रेजाँ गेला. सांध्याचे बोल्ट बदलत होता. झेंडी त्यानं रोवली होती, तिनं खिडकीतून बघितलं होतं. पण चौकशीच्या लोकांनी लिहिलं, गँगमननं झेंडी लावलीच नाही, स्वतःच्या चुकीनं मेला. आई आहे, आई असंच म्हणणार, असं तिच्या तोंडावर बोलले. वर्षभरानं दुकानात हे कॅलेंडर टांगलेलं दिसलं. स्वच्छ फोटो. झेंडीशिवाय.

मी रडले. तिनं माझे डोळे आपल्या एप्रननं पुसले आणि मायेनं म्हणाली, रडू नकोस, झेंडी काढणारा तो फोटोवाला माझ्या हाती लागायच्या आतच मेला. बिछान्यात, नातवंडांच्या घोळक्यात. मग मी त्याच्या जातीला खोली द्यायला लागले. एकतीस जण येऊन गेले गं. सगळ्यांनी झेंडी बघितली. शिव्या घातल्या, बाजूला सरकून फोटो काढले. हात कुणी लावला नाही. तू लावलास. ज्यानं काढली, त्यानं रेजाँच्या जागी उभं राहायचं. माझं पोर वीस वर्षं त्या झेंडीपाशी उभं आहे.

मी म्हटलं, मला आधी का सांगितलं नाहीत. ती म्हणाली, रेजाँला कुणी सांगितलं होतं?

म्हातारीचं डोकं फिरलंय असं मी स्वतःला समजावलं. पण झेंडी नीट रोवली गेलीय ना, एवढं बघून यावं म्हणून वळणावर आले. वाकली होती. सरळ केली.

आता तीन तास झाले. घर दिसतंय. धुराडं दिसतंय. मी चालते, शंभर पावलं मोजते, आणि समोर झेंडी.

रविवार, ८ ऑक्टोबर

रात्रभर इथंच. थंडी वाजत नाही, हे सगळ्यात वाईट.

दोन डब्यांची गाडी आली. मी दोन्ही हात हलवले, ओरडले, रुळाला खेटून उभी राहिले. ड्रायव्हर बाई तीच होती, येताना मला पेपरमिंट देणारी. तिची नजर माझ्यातून आरपार तळ्यावर गेली. गाडी हळूही झाली नाही.

विर्पी स्टेशनवर येणार होती. पोटाला हात लावून उभी असेल —

मंगळवार? बुधवार

विल्फ आला होता. झेंडीजवळ थांबला, टोपी काढली. मी त्याच्या कानाशी किंचाळले. तो पुटपुटला, रेजाँ, लेका, सुटलास वाटतं. मग मान खाली घालून म्हणाला, फोटोवाल्या बाई, माफ करा.

म्हणजे त्याला माहीत होतं. चहा प्यायला. माझी फिरकी घेतली. माहीत होतं त्याला.

संध्याकाळी खिडकीत दिवा. मादाम वाढतेय. तिच्यासमोर कुणीतरी बसलंय, पाठमोरं, नारिंगी जाकिटातलं, आणि वाकून, हावऱ्यासारखं जेवतंय. ती त्याच्या केसांतून हात फिरवतेय.

मला तिचा राग यायला हवा. येतो. आणि मग त्या हाताकडं बघते, आणि —

१४

चौदा असावी. पानं गळून संपलीत.

मुलगी की मुलगा?

कुणीतरी सांगा. एवढंच सांगा.

बर्फ

ठरवलंय. कुणी फोटोवाला आला तर सगळा जीव एकवटून ओरडायचं. हात लावू नकोस म्हणून. मी मादामसारखी होणार नाही. मी विर्पीची आई आहे, मी कुणाचं —

बर्फ वितळला

पुन्हा पिवळं

बाळ आता रांगत असेल. चालत असेल. कुणाच्या मांडीवर? विर्पीला वाटत असेल, आईनं फोटोपायी शब्द मोडला. चौकशीवाल्यांनी लिहिलं असेल, स्वतःच्या चुकीनं.

लिहा. लिहा तुम्ही.

आज

एक जण उतरला. करडी दाढी, दोन कॅमेरे. मादामनं त्याचाही चेहरा हातांत धरला.

आज, ऊन

वळणावर आलाय. गाणं गुणगुणतोय. मघाशी लेकीला फोन लावत होता, तिनं उचलला नाही, तर निरोप बोलून ठेवला, रविवारी येतो गं म्हणून. छान आवाज आहे.

ओरडायचं ठरलं होतं.

ट्रायपॉड लावला. चौकट बघितली. त्रासला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. रूळ शाबूत. माणूस नाही.

कॅमेरा बाजूला सरकव ना. दोन पावलं. सरकव, सरक —

नाही. सरकू नकोस.

मी तोंडावर हात दाबून धरलाय. माझाच. एक शब्दही निघू देणार नाही. त्याचा हात पुढं आला. सळईपासून वीतभर. थबकलाय. ओढ. ओढ रे बाबा, चांगला आहेस, ओढ, माझं नातवंड —